खऱ्या ठशावरची खोटी नोट

पाचशेच्या नव्या नोटांपैकी ८८ हजार कोटी रुपयांच्या नोटा छापखान्यांतून निघाल्या, पण रिझर्व्ह बँकेपर्यंत पोहोचल्याच नाहीत, अशी बातमी जून २०२३मध्ये देशभर फिरली. नोटांचा विषय निघाला की नाशिकचं नाव येतंच, तसं ते याही बातमीत होतं. माहितीच्या अधिकारात छापखान्यांनी दिलेले आकडे आणि रिझर्व्ह बँकेच्या अहवालांतले आकडे यांची वजाबाकी करून ही रक्कम काढली होती. १७ जून २०२३ला रिझर्व्ह बँकेने पत्रक काढलं. छापखान्यांकडून मिळालेल्या माहितीचा चुकीचा अर्थ लावला गेला आहे आणि छापखान्यांतून आलेल्या सगळ्या नोटांचा हिशेब व्यवस्थित लागलेला आहे, असं त्यात म्हटलं होतं. विषय तिथे संपायला हवा होता. पण त्या बातमीचा मेसेज अजूनही मधूनच कुठल्यातरी ग्रुपवर उगवतो.

नाशिकरोडला, जेलरोडला, नेहरूनगरला ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी नोटांच्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला आहे किंवा होतं, त्यांना हा मेसेज लागतो. आपल्या माणसावर चोरीचा आळ आल्यासारखं वाटतं. मला स्वतःला मात्र त्या मेसेजमागचा प्रश्न फार मोलाचा वाटतो आणि तो नीट कुणी विचारतच नाही. समजा, एखादी नोट खऱ्या सरकारी छापखान्यात, खऱ्या कागदावर, खऱ्या ठशाने छापली गेली, पण बँकेच्या वहीत तिची नोंदच नाही. ती नोट खरी की खोटी?

या प्रश्नाने एक देश हादरला होता. पोर्तुगालमध्ये, १९२५ साली. योगायोगाने आपल्या नाशिकरोडचा प्रेसही त्याच वर्षीचा.

प्रेसमधल्या नोटेची किंमत किती?

आधी पाया पक्का करू. मिसळीच्या एखाद्या हॉटेलचा मालक प्रिंटरकडून हजार कुपनं छापून घेतो. कुपनं प्रिंटरच्या टेबलावर पडलेली असतात तोवर ती रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, त्यांची किंमत छपाईच्या बिलाएवढी. मालक वहीत नोंद करतो, पैसे घेतो, कुपन गिऱ्हाइकाच्या हातात देतो, त्या क्षणी तो एका प्लेटचा देणेकरी होतो. नोटेचं हेच आहे. अशा देण्याला हिशेबाच्या भाषेत देयता म्हणतात. तुमच्या खिशातली नोट ही रिझर्व्ह बँकेची देयता आहे. गव्हर्नरची सही आणि धारकाला अमुक रुपये अदा करण्याचं वचन तिच्यावर त्यासाठीच असतं.

आता गंमत अशी की ही सही हाताने कुणी करत नाही. तीही छापलेलीच असते. म्हणजे प्रेसमधून बाहेर पडणाऱ्या नोटेवर वचन आहे, सही आहे, क्रमांक आहे, पण देणं अजून उभं राहिलेलं नाही. छापखाना सीलबंद माल रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयांकडे आणि करन्सी चेस्टकडे पाठवतो. करन्सी चेस्ट म्हणजे व्यापारी बँकेच्या शाखेतली अशी तिजोरी, जिच्यातल्या नोटा रिझर्व्ह बँकेच्या मालकीच्या धरल्या जातात. त्या तिजोरीत पडलेल्या नोटाही चलनात मोजत नाहीत. तिथून काढून बँकेने त्या वापरायला घेतल्या की चलनात आल्या, परत तिजोरीत गेल्या की चलनातून गेल्या. कागद तोच राहतो, वहीतली नोंद बदलते.

हे सगळं कागदोपत्री काथ्याकूट वाटेल. पण आल्वेस रैस नावाच्या माणसाने नेमक्या याच फटीत हात घातला.

लिस्बनचा आल्वेस रैस

आर्तुर आल्वेस रैस १९१६ साली पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात गेला, तेव्हा त्याच्या खिशात ऑक्सफर्डची इंजिनिअरिंगची पदवी होती. ती त्याने स्वतः तयार केली होती. ज्या शाळेच्या नावाने ती होती, ती शाळाच ऑक्सफर्डमध्ये नव्हती. त्या कागदावर त्याला नोकरी मिळाली, मानही मिळाला. पुढे लिस्बनला परतल्यावर खात्यात पैसे नसताना चेक फाडून त्याने एका कंपनीवर ताबा मिळवला. त्या भानगडींत १९२४मध्ये तो पोर्तो शहरात काही आठवडे तुरुंगात होता. कोठडीत बसून त्याने बँक ऑफ पोर्तुगालचा कारभार समजून घेतला, आणि तिथेच बेत शिजला.

त्याच्या ध्यानात आलं ते असं. बँक ऑफ पोर्तुगाल ही तेव्हा भागधारकांची खासगी बँक होती, पण नोटा काढण्याचा अधिकार तिचा. तिच्या पाचशे एस्कुदोच्या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या नामांकित छापखान्यात छापल्या जात. मग नोटेची नक्कल करायची कशाला? वॉटरलोलाच ऑर्डर द्यावी. छापखान्याला हवं असतं ते बँकेचं पत्र. आणि पत्र बनवणं हे तर रैसचं काम.

त्याने एक करार तयार केला. अंगोलाची आर्थिक स्थिती बिकट आहे, परदेशी मंडळी गुपचूप कर्ज देणार आहेत, बदल्यात त्यांना अंगोलासाठी नोटा छापून घेण्याची परवानगी आहे, असा त्याचा मजकूर. नोटरीचा शिक्का खरा मिळवला, लिस्बनमधल्या परदेशी वकिलातींचे शिक्के खरे मिळवले. कराराखालच्या बँकेच्या अधिकाऱ्यांच्या सह्या तेवढ्या खोट्या होत्या. सोबतीला तिघे घेतले: कारेल मारांग हा डच व्यापारी, हेनीस नावाचा जर्मन आणि जोसे बांदेरा, ज्याचा भाऊ हेगमध्ये पोर्तुगालचा राजदूत होता.

डिसेंबर १९२४मध्ये मारांग लंडनला सर विल्यम वॉटरलो यांच्यापुढे जाऊन बसला. कामाची गुप्तता इतकी मोठी आहे की लिस्बनशी उघड पत्रव्यवहार करू नये, असं त्याने पटवलं. खात्रीसाठी बँकेची पत्रं मागितली, तर ती मारांगच घेऊन आला, आणि तीही रैसच्याच हातची. नोटांवर पुढे 'अंगोला' असा शिक्का मारला जाईल, त्यामुळे पोर्तुगालमध्ये चालणाऱ्या नोटांचे क्रमांक पुन्हा वापरले तरी बिघडत नाही, हेही सर विल्यम यांना पटलं. खरं तर इथे एक मोठी विसंगती होती. अंगोलात नोटा काढण्याचा अधिकार बँक ऑफ पोर्तुगालला नव्हताच, तो दुसऱ्याच एका बँकेकडे होता. एका साध्या चौकशीत हे कळलं असतं. ती चौकशी झाली नाही.

फेब्रुवारी १९२५पासून नोटा मिळू लागल्या. पहिली ऑर्डर दोन लाख नोटांची, मग आणखी. सगळ्या मिळून ५ लाख ८० हजार. दर्यावर्दी वास्को द गामाचं चित्र, तोच कागद, तीच शाई, तेच ठसे. 'अंगोला' हा शिक्का अर्थातच कुणी मारला नाही. राजनैतिक सामानाच्या आडोशाने नोटा पोर्तुगालमध्ये आल्या. जून १९२५मध्ये रैसने त्या पैशांवर चक्क स्वतःची बँक काढली, बांको अंगोला ए मेत्रोपोल. तिने सढळ हाताने कर्जं वाटली. रैसने लिस्बनमध्ये आलिशान वाडा घेतला.

त्याचा पुढचा डाव तर थक्क करणारा आहे. बनावट नोटांची तक्रार करायची तर ती बँक ऑफ पोर्तुगालने करायची. मग तीच विकत घेतली तर? त्याने त्या बँकेचे शेअर बाजारातून गोळा करायला सुरुवात केली. बँकेला फसवून छापलेल्या नोटांनी तो बँकच खरेदी करत होता.

पण हे तर तेलगीसारखंच झालं!

नाशिकमध्ये ही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न हाच येतो. साम्य आहे, फरकही मोठा आहे. मुद्रांक घोटाळ्यातल्या अब्दुल करीम तेलगीच्या टोळीने मुद्रांक स्वतः छापले आणि विकले. ते बनावट कागद होते, खऱ्याशी ताडून पाहिले तर फरक सापडण्याची शक्यता होती. रैसने एकही नोट छापली नाही. त्याची प्रत्येक नोट अधिकृत छापखान्यात अधिकृत कारागिरांनी छापली. त्याने फक्त ऑर्डर बनावट दिली.

म्हणूनच ती पकडणं इतकं अवघड गेलं. जलचिन्ह, सुरक्षा धागा, बोटाला लागणारी उठावाची छपाई ही आजच्या नोटेची सगळी लक्षणं एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: ही नोट त्याच छापखान्यातली आहे का? छापायला सांगितलं कुणी, हे त्यांना सांगता येत नाही.

मग सापडलं कसं?

नव्या बँकेकडे एवढा पैसा येतो कुठून, ही कुजबुज लिस्बनमध्ये होतीच. 'ओ सेक्युलो' या वृत्तपत्राने नोव्हेंबर १९२५च्या अखेरीस तो प्रश्न उघड छापायला सुरुवात केली. ४ डिसेंबरला बँक ऑफ पोर्तुगालची माणसं रैसच्या बँकेच्या पोर्तोमधल्या शाखेत जाऊन धडकली. सोबत नोटांचा तज्ज्ञ होता. त्याने नोटा उलटसुलट करून पाहिल्या आणि सांगितलं, नोटा खऱ्या आहेत.

त्याचं काही चुकलं नव्हतं. भिंगातून जे दिसतं ते सगळं खरंच होतं. शेवटी नोटा क्रमांकाप्रमाणे लावायला घेतल्या, तेव्हा एकाच क्रमांकाच्या दोन नोटा समोर आल्या. मग आणखी जोड्या. जे तज्ज्ञाच्या नजरेला जमलं नाही, ते कारकुनी मोजणीने केलं. ६ डिसेंबरला अंगोलाहून परतणाऱ्या जहाजावरच रैसला अटक झाली. तेव्हा तो तिशीच्या आसपास होता. खटला १९३०मध्ये चालला, वीस वर्षांची शिक्षा झाली, त्यातला काही भाग हद्दपारीचा. १९४५मध्ये तो सुटला, १९५५मध्ये वारला.

लोकांचं काय झालं? बँकेने पाचशेच्या वास्को द गामा नोटा सगळ्याच मागे घेतल्या आणि डिसेंबर संपण्याआधी बदलून घ्यायला सांगितल्या. खिडकीवर आलेल्या माणसाच्या हातातली नोट कुठल्या गठ्ठ्यातली आहे, हे त्याला कसं ठाऊक असणार? बँकेने दोन लाखांहून अधिक खोट्या नोटांच्या बदल्यात खरे पैसे मोजले. मला हा निर्णय योग्य वाटतो. सामान्य माणसाने नोट घेतली ती बँकेच्या नावावर विश्वास ठेवून. तो विश्वास बँकेने त्या आठवड्यात मोडला असता, तर पोर्तुगालमध्ये पुढे कुठलीच नोट कुणी आनंदाने घेतली नसती. तरीही देशाच्या सरकारची पत घसरायची ती घसरलीच. मे १९२६मध्ये लष्कराने उठाव करून तिथलं प्रजासत्ताक संपवलं. त्यामागे कारणं अनेक होती, पण या प्रकरणाने झालेली बेअब्रू त्यांतली एक मानली जाते.

बँकेचं नुकसान झालंच किती? कागदच तर गेला!

हा आक्षेप ऐकायला बालिश वाटतो, पण इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे मोठमोठ्या वकिलांनी तो गंभीरपणे मांडला. बँक ऑफ पोर्तुगालने वॉटरलोवर भरपाईचा दावा लावला. वॉटरलोचं म्हणणं असं, की पोर्तुगालच्या नोटेच्या बदल्यात तेव्हा सोनं मिळत नव्हतं. बँकेने खोट्या नोटा घेऊन त्या जागी आपल्याच नव्या नोटा दिल्या. नव्या नोटा छापायला खर्च किती आला? सुमारे नऊ हजार पौंड. तेवढे आम्ही देतो.

मिसळवाल्याकडे परत जाऊ. प्रिंटरने भलत्याच माणसाला दोनशे जादा कुपनं छापून दिली. मालकाने नाव राखण्यासाठी ती कुपनं स्वीकारून त्यांच्या जागी नवी दिली. प्रिंटर म्हणतो, तुझं नुकसान नव्या कुपनांच्या छपाईएवढं. मालक म्हणतो, अरे, त्या दोनशे कुपनांवर मला दोनशे प्लेटा द्याव्या लागणार आहेत!

पाच न्यायमूर्तींत एकमत झालं नाही. दोघांना छपाईचा खर्च पुरेसा वाटला. तिघांनी बँकेची बाजू घेतली: नोट म्हणजे बँकेची पत, ती ज्या किमतीला बाहेर जाते तेवढं देणं बँकेवर चढतं. तीन विरुद्ध दोन अशा मतांनी १९३२मध्ये वॉटरलोला ६ लाख १० हजार ३९२ पौंड भरायला सांगण्यात आलं. सर विल्यम मधल्या काळात लंडनचे लॉर्ड मेयर होऊन गेले होते. हा निकाल ऐकायला ते हयात नव्हते, आदल्याच वर्षी त्यांचं निधन झालं होतं.

या निकालाने एक गोष्ट नीट उलगडते. लोक विचारतात, नोट म्हणजे नुसतं वचन असेल, तर रिझर्व्ह बँक हवी तेवढी वचनं का देत नाही? कारण वहीची दुसरी बाजू. जेवढ्या किमतीच्या नोटा बाहेर आहेत, तेवढ्याच किमतीची मालमत्ता, म्हणजे सोनं, परदेशी रोखे, सरकारी रोखे, बँकेच्या नोटा काढणाऱ्या विभागात जमा असावी लागते. सोनं आणि परदेशी रोखे मिळून किमान २०० कोटींचे आणि त्यात सोनं किमान ११५ कोटींचं, ही कायद्यातली अट आहे. रैसच्या नोटांना ही दुसरी बाजूच नव्हती.

आपल्याकडे असं होऊ शकतं का?

नाशिकचा प्रेस सुरू होईपर्यंत भारताची टपाल तिकिटं लंडनची डे ला रू कंपनी छापत असे आणि नोटा बँक ऑफ इंग्लंडमध्ये छापल्या जात. १९२५मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभा राहिला, १९२८पासून इथे नोटा छापायला लागल्या. रिझर्व्ह बँक १९३५ची, म्हणजे आपला नोटांचा छापखाना तिच्याहून जुना. आज नाशिक आणि देवास इथले छापखाने केंद्र सरकारच्या महामंडळाकडे आहेत, म्हैसूर आणि सालबोनीचे रिझर्व्ह बँकेच्या कंपनीकडे.

मधे एक टप्पा असा आला, जो वाचून मला आजही धास्ती वाटते. १९९७-९८च्या सुमारास देशातली क्षमता कमी पडली म्हणून अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या तीन कंपन्यांकडून शंभरच्या आणि पाचशेच्या मिळून ३६० कोटी नोटा छापून आणल्या. दर्शनी किंमत एक लाख कोटी रुपये. २०१०मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली. जादा नोटा छापल्या गेल्या असत्या तर त्या ओळखायच्या कशा, ही धास्ती कुणाला अतिरेकी वाटत असेल, तर त्याने लिस्बनची गोष्ट आठवावी. तीन कंपन्यांतली एक डे ला रू होती, जिने वॉटरलोचा नोटा छापण्याचा व्यवसाय १९६१मध्ये विकत घेतला होता.

आता त्या ८८ हजार कोटींकडे वळू. पाचशेच्या हिशेबाने या सुमारे १७६ कोटी नोटा होतात. छापखाना आपल्या वहीत छापलेल्या आणि पाठवलेल्या नोटा मोजतो, बँक आपल्याकडे आलेल्या. वर्षाअखेर काही माल वाटेत असतो, काही तपासणीत. वेगवेगळ्या टप्प्यांवरचे आकडे एकमेकांतून वजा केले, तर जे उरतं त्याला चोरी म्हणता येत नाही. खरा ताळा सीलबंद पेटी, क्रमांकांची मालिका आणि पोच यांचा लागतो, आणि तो लावणारी माणसं छापणाऱ्यांपेक्षा वेगळी असतात. बँकेची मागणीही छापखान्याला थेट बँकेकडून येते. वॉटरलोकडे ती मारांगच्या बॅगेतून आली होती.

आत किती बारकाईने पाहिलं जातं, याचं उदाहरण जुलै २०२१मध्ये इथेच दिसलं. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये पाच लाख रुपयांच्या, म्हणजे पाचशेच्या एक हजार नोटांचा हिशेब लागेना. प्रकरण पोलिसांत गेलं. तपासात निघालं ते असं की नोटा बाहेर गेल्याच नव्हत्या, आतच चुकून पंच होऊन बाद झाल्या होत्या. हजार नोटांच्या एका बंडलासाठी जिथे पोलीस येतात, तिथे तशी सुमारे साडेसतरा लाख बंडलं कुणाच्याही नकळत गेली, यावर विश्वास ठेवण्याआधी मी तरी थांबेन. शंका घेऊ नये असं मी म्हणत नाही. माहिती मागावी, आकडे विचारावेत, पण ते कुठल्या वहीतले आहेत हेही विचारावं.

तारा असलेली नोट आणि दोन सारखे क्रमांक

शेवटी रोजच्या वापरातलं. जुलै २०२३मध्ये आणखी एक अफवा उठली: क्रमांकात तारा असेल तर नोट नकली. ती साफ चूक आहे. छपाईत शंभराच्या गड्डीतली एखादी नोट खराब निघाली, तर तिच्या जागी तारा छापलेली नोट घालतात. ही पद्धत २००६पासून आहे, रिझर्व्ह बँकेने तेव्हा आणि २०२३मध्येही तसं स्पष्ट केलं आहे. ती नोट इतर कुठल्याही नोटेइतकीच चालते.

दोन नोटांवर सारखाच आकडा दिसला तरी लगेच घाबरू नका. आधी आकड्याच्या पुढचे अंक-अक्षर पाहा, मालिका वेगळी असेल तर क्रमांक वेगळाच आहे. ते जुळत असतील, तर क्रमांकाच्या चौकटीतलं लहान अक्षर आणि छपाईचं वर्ष पाहा. तेही सारखंच असेल, तर दोन्ही नोटा घेऊन बँकेत जा. नोट बनावट ठरली, तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते. बदली नोट मिळत नाही आणि ती नोट परतही मिळत नाही, पण पावती मिळते. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा निघाल्या, तर बँक महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील, तर थेट गुन्हा नोंदवला जातो. पावती मागून घ्या, ती देणं बँकेला बंधनकारक आहे.